फुलीची बाजू

दगडालाही अंघोळ घालावी लागते, हे तिने घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिचे बाबा इतके हसले होते की हातातला रंधा पायावर पडता पडता वाचला. पण ते खरंच होतं. ड्रिलच्या पोकळ नळीतून खडकाचा गाभा वर यायचा, मनगटाएवढा जाड आणि तीन-तीन मीटर लांब दगडी दांडा. तो लोखंडी पन्हळीत आडवा ठेवायचा, वर पाण्याचा पाइप धरायचा आणि अंगावरचा राखाडी चिखल ब्रशने घासून काढायचा. वाटेत मोडला असेल तर तुकड्याला तुकडा जुळवून बघायचा. मग निळ्या मेणखडूने त्याच्या पाठीवर सरळ रेघ ओढायची, रेघेवर खालच्या दिशेने बाण काढायचे, दर मीटरला आकडा घालायचा आणि दांडा लाकडी पेटीच्या खाचेत झोपवायचा. बारा वर्षं ती हेच करत होती. ड्रिलवरची माणसं तिला दगडताई म्हणत आणि तिला ते नाव मनापासून आवडायचं.

नमुनाघर म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. आत दोन्ही बाजूंना पेट्यांच्या रांगा, मधे टेबल, टेबलावर भिंग, करवत, रॉकेलची बाटली आणि नोंदवही. अंघोळीचं काम मावशींकडे होतं. त्या तिच्या सख्ख्या मावशी नव्हत्या, त्या सगळ्यांच्याच मावशी. आधी वीस वर्षं त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात होत्या. डाग चादरीवर असो नाहीतर दगडावर, मावशींच्या नजरेतून सुटायचा नाही.

हे एवढे सोपस्कार कशासाठी, तर कचऱ्यासाठी. अणुभट्ट्यांतून निघालेला, हजारो वर्षं घातक राहणारा कचरा या जागेखाली पाचशे मीटरवर पुरायचा बेत होता. देशभरातून तो जाड पोलादी पिंपांतून येणार, ट्रकवर लादून, शहराच्या मधल्या रस्त्याने, पुलावरून, शाळेसमोरून. आणि त्यासाठी खालचा खडक 'अबाधित' हवा होता. म्हणजे त्याला तडा नको, त्यात पाणी नको, पोकळी नको, आणि कोणाचा हात तर कधीच लागलेला नको. खडक तसा आहे की नाही, हे लिहून खाली सही करणारी व्यक्ती म्हणजे दगडताई.

शहर अर्थातच धुमसत होतं. पुलावर ट्रक उलटला तर काय? विहिरींचं काय? दहा हजार वर्षांनी इथे काय पुरलंय ते सांगायला कोण उरणार? प्रकल्पाचे माहिती अधिकारी दर आठवड्याला या प्रश्नांना उत्तरं द्यायला येत आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'काळजी नसावी' म्हणत. लोकांनी त्यांचं नावच काळजीनसावी ठेवलं. एका निवृत्त बस कंडक्टरने उभं राहून विचारलं होतं, की ट्रक पंक्चर झाला तर स्टेपनी लावायला खाली कोण उतरणार. सगळा हॉल हसला. काळजीनसावींनी त्यावरही काळजी नसावी असंच सांगितलं.

हरकतीच्या अर्जावर पहिली सही होती तिच्या बाबांची. त्यांच्या मागे तीनशे बारा सह्या. आणि गंमत अशी, की नमुनाघरातल्या सगळ्या पेट्या बनवल्या होत्या त्याच बाबांनी, कारण शहरात त्यांच्या तोडीचा सुतार दुसरा नव्हता. कोणी टोमणा मारलाच तर ते म्हणत, पेट्याही माझ्या आणि विरोधही माझा, दगडाने माझं काय घोडं मारलंय? पाण्यात राहून माशाशी वैर त्यांना छान जमलं होतं.

मागच्या रविवारी मात्र ते जेवताना गंभीर झाले. "मला त्या टायवाल्या काळजीनसावीचं ऐकायचं नाही," ते म्हणाले. "शुक्रवारच्या सुनावणीत तू तुझ्या तोंडाने सांग, खालचा खडक कोणाचा हात न लागलेला आहे म्हणून. मी तिथल्या तिथे अर्ज मागे घेतो. फक्त जे सांगशील ते बघून सांग."

बाबांनी अर्ज मागे घेतला की मागचे तीनशे बाराही घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे सगळं शहर तिच्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं. तिला त्याचं ओझं वाटलं नाही, कारण खडक खरोखरच देखणा होता. काळसर, घट्ट, चारशे तीस मीटरपर्यंत एक केसाएवढी भेगही नाही. मंगळवारी सकाळपर्यंत तिचं वाक्य तयार होतं.

मंगळवारी अकराच्या सुमारास मावशींनी पाइप बंद केला.

"ताई, तुम्ही न धुताच रेघ ओढलीत का?"

ती टेबलावरून उठून गेली. चारशे एकतीस ते चारशे चौतीस मीटरचा दांडा होता, अर्धा धुऊन झालेला. चिखल निघाला होता तिथे एक बारीक पांढुरकी रेघ दगडाभोवती गोल फिरली होती. तिच्या वरच्या अंगाला एक फुली. आणि त्या गोल रेघेपासून खाली, दांड्याच्या लांबीला धरून, पट्टीने ओढावी तशी दुसरी सरळ रेघ.

तिने आधी मावशींवर संशय घेतला, मग स्वतःवर, मग ड्रिलवरच्या झाडून सगळ्यांवर. कोणीतरी जुना, खुणा केलेला तुकडा नळीत घातला असणार, दुसरं काय! तिने रेघ नखाने खरवडली, ब्रशने घासली, तिच्यावर रॉकेल चोळलं. रेघ ढिम्म हलली नाही. भिंगाखाली बघितलं तर रंगही नव्हता आणि खाचही नव्हती, दगडाचाच तेवढा धागा पांढरा पडला होता. शेवटी करवतीने एक चकती कापून बघितली. आत काही नव्हतं. रेघ फक्त वरच्या सालीवर होती.

आणि तेच अशक्य होतं. कारण हा गोल दांडा जमिनीखाली काही गोल नसतो. खाली असतो तो सलग, अखंड खडक. ड्रिलचे दात त्यातून वर्तुळ कापत उतरतात तेव्हा कुठे ही गोल बाजू तयार होते. ज्या सालीवर रेघ होती ती साल सकाळी नऊपर्यंत जगात नव्हतीच. आणि नऊनंतर ती पोलादी नळीत बंद होती.

खरं तर तिने घाबरायला हवं होतं. पण तिचा जीव नुसता उड्या मारायला लागला. बारा वर्षं एकाच जातीचा दगड मोजणाऱ्या बाईच्या वाट्याला असा दिवस येतो कधी? ती पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसली. उभ्या रेघेवर ठरावीक अंतराने आडव्या खुणा होत्या. अंतर मीटरचं नव्हतं, एकाहत्तर सेंटिमीटरचं होतं, दर वेळी बरोबर एकाहत्तर. प्रत्येक खुणेशेजारी छोट्या उभ्या काड्या होत्या. आपण मोजताना पाचाची जुडी बांधतो. इथे जुड्या साताच्या होत्या. पहिल्या खुणेशी तीन जुड्या आणि वर दोन काड्या, म्हणजे तेवीस. खालच्या खुणेशी बावीस. मग एकवीस. मग वीस.

आणि रेघेवर बाण होते. तिच्या बाणांसारखेच, फक्त उलटे, वर तोंड केलेले.

तिची रीत अशी, की वरून खाली जाताना आकडा वाढत जातो आणि बाण खोलीकडे बघतो. हे मोजमाप खालून सुरू झालं होतं. ज्याने कोणी ते केलं त्याची खोली वरच्या दिशेला होती. मग त्याचं शून्य कुठे? तिने मांडीवरच गणित केलं. चारशे सत्तेचाळीस मीटर त्र्याहत्तर सेंटिमीटर. इथून फक्त सोळा मीटर खाली.

बुधवारी तिने संशयाला जागाच ठेवायची नाही असं ठरवलं. ड्रिल चालवणारे उस्ताद चाळीस वर्षं भोकंच पाडत आले होते. त्यांना तिने साक्षीदारासारखं समोर बसवलं. नळी सगळ्यांसमोर उघडायची, दांडा तिने स्वतः धुवायचा, मावशींनी फक्त बघायचं. नळी उघडली. चिखलाखालून एकोणीस निघाले. मग अठरा, सतरा, सोळा. उस्तादांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती हीच का हो ताई?"

त्यानंतर उस्ताद प्रत्येक नळी स्वतःच नमुनाघरात घेऊन यायला लागले. ड्रिलवरच्या माणसांत चहाच्या पैजा लागल्या. शून्यावर सोनं निघणार, पाणी निघणार, डोंगर पोखरून उंदीर निघणार, ज्याला जे सुचेल ते. शेडमध्ये आकडा वाचला की बाहेर आरोळी जायची. नळी येईपर्यंत तिला बसवेना. ती दारात, दारातून ड्रिलपाशी, ड्रिलपासून परत दारात अशा येरझाऱ्या घालत होती आणि मावशी म्हणत होत्या, ताई, सुईणसुद्धा इतकी फिरत नाही.

फक्त उस्ताद हळूहळू गप्प होत गेले. दुपारी त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की ड्रिल ढकलावं लागत नाहीये, धरून ठेवावं लागतंय. इंजिन जरा सैल सोडलं की ते आपणहून खाली जातंय. आणि भोकातून परत येणारं पाणी कालपर्यंत दगडाच्या पिठाने राखाडी होतं, ते आज स्वच्छ येतंय. तिने ओंजळीत घेऊन बघितलं. पाणी कोमट होतं आणि त्याला ओल्या मातीचा वास येत होता. साडेचारशे मीटरच्या घन खडकात माती कुठून आली होती?

काळजीनसावींना कळवणं भाग होतं. ते आले, त्यांनी पन्हळीवर वाकून पाहिलं आणि हा हरकतवाल्यांचा खोडसाळपणा आहे असं जाहीर केलं. हरकतवाले साडेचारशे मीटर खाली कसे गेले असतील, असं तिने नम्रपणे विचारलं. त्यांनी बॅगेतून छापील अहवाल काढून टेबलावर ठेवला, त्यात 'अबाधित' या शब्दापुढे सहीची जागा रिकामी होती. शुक्रवारी तीनच्या आत सही हवी, एवढं सांगून ते निघाले. दारात मात्र थांबले, मागे वळून त्या रेघेकडे एकदा पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "काळजी नसावी."

गुरुवारी दहापासून तीनपर्यंतचे आकडे आले.

त्याच दुपारी बाबा टेम्पोतून नव्या पेट्या घेऊन आले. तिने त्यांना काही सांगितलेलं नव्हतं, शून्य बघितल्याशिवाय सांगायचं नाही असं तिचं ठरलं होतं. पण शेडमधली गर्दी बघून ते सरळ पन्हळीपाशी गेले. मंगळवारचा दांडाही तिथेच होता. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या गोल रेघेवरून अंगठा फिरवला, फळीवरून फिरवतात तसा.

"ही फुली कोणी मारली?"

"ठाऊक नाही, बाबा."

"सुतार असणार."

ती हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी तिला समजावून सांगितलं, ती लहान असताना काटकोन कसा बघायचा ते समजावत तसं. फळी कापायची असली की आधी कापायची रेघ मारायची. मग रेघेच्या एका अंगाला फुली मारायची, म्हणजे ऐन वेळी घोटाळा होत नाही.

"कुठल्या अंगाला?" तिने विचारलं.

"टाकायच्या."

फुली रेघेच्या वर होती. वर म्हणजे चारशे एकतीस मीटर खडक, त्यावर माती, त्यावर रस्ते, शाळा, पूल, ही शेड, बाबांचं घर. बाबांनी चष्मा खाली घेतला आणि पेट्या उतरवायला सुरुवात केली. एक पेटी त्यांच्या हातून निसटली. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून लाकूड निसटलेलं तिने पाहिलं नव्हतं.

जाताना त्यांनी उद्या काय सांगणार आहेस एवढंच विचारलं. शून्य बघून सांगते, असं ती म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद लपत नव्हता आणि तिला त्याची थोडी लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी सगळे ड्रिलभोवती जमले. मावशीसुद्धा हात पुसत आल्या. आकाश स्वच्छ होतं, ऊन चटचटत होतं. उस्तादांनी इंजिन इतकं हळू ठेवलं होतं की प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येत होता. ती मापाच्या खुणेवर डोळा ठेवून उभी होती. चारशे सत्तेचाळीस मीटर. वीस. पन्नास. सत्तर.

त्र्याहत्तरला ड्रिल सुटलं.

दीड मीटर मोकळं खाली गेलं आणि थांबलं. उस्तादांनी झडप घालून इंजिन बंद केलं.

मग भोकातून हवा आली. लांब, कोमट, ओल्या मातीच्या वासाची. ती बराच वेळ येत राहिली आणि थांबली.

उस्तादांनी भोकाच्या तोंडावर तळहात धरला. एकदम मागे घेतला.

"आत ओढतंय," ते म्हणाले.

इंजिन बंद होतं. किल्ली उस्तादांच्या खिशात होती. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ड्रिलची दांडी फिरली. सावकाश, एक पूर्ण फेरा.

मग परत, उलट्या दिशेने, एक फेरा.

मावशींनी तिचा दंड घट्ट धरला. पैजा लावणारी माणसं एक-एक पाऊल मागे सरकली. उस्तादांनी सगळी नळी वर ओढून काढली, त्याला तासभर लागला.

शेवटच्या दांड्यावर दोन होते, एक होता आणि मग टोक होतं. मोडलेलं नव्हे. आरशासारखं गुळगुळीत, कोणीतरी घासून घेतलेलं. ज्या अर्थी ते घासलेलं होतं, त्या अर्थी तिथे कोणीतरी उभं राहिलं होतं. तिने तो हातभर तुकडा कापडात गुंडाळून पिशवीत घातला.

सुनावणीचा हॉल खच्चून भरला होता. पंखे फिरत होते, माणसं खिडक्यांत बसली होती. काळजीनसावींनी अर्धा तास ट्रकच्या मजबुतीवर भाषण केलं, ते कोणी ऐकलं नाही. मग अध्यक्षबाईंनी दगडताईला पुढे बोलावलं. बाबा पहिल्या रांगेत होते, अर्ज मांडीवर, हात अर्जावर.

तिने ठरवलं होतं, सिद्ध करता येईल तेवढंच बोलायचं. काड्या नाहीत, फुली नाही, श्वास नाही. तिने पिशवीतून तुकडा काढून टेबलावर ठेवला. टक्क असा आवाज झाला.

"चारशे सत्तेचाळीस मीटरवर पोकळी आहे," ती म्हणाली. "हे टोक तिथलं आहे. यावर हात फिरवून बघा. हा खडक अबाधित नाही. मी सही करणार नाही."

अध्यक्षबाईंनी हात फिरवला. शेजारच्या दोघांनी फिरवला. काळजीनसावींनी तुकड्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते टाय सैल करत खाली बसले आणि तिला त्या क्षणी त्यांची दया आली. मग अध्यक्षबाईंनी पेन उघडलं, अहवालावर आडवं 'नापसंत' असं लिहिलं आणि ते माइकवर वाचून दाखवलं.

हॉल नुसता उसळला. खुर्च्या पडल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं त्यांनी मिठ्या मारल्या. बस कंडक्टर खुर्चीवर चढून घंटीची दोरी ओढल्याचे हातवारे करत होता. कोणीतरी तिला उचलायला निघालं, तेव्हा बाबा मधे पडले आणि माझी मुलगी आहे, मीच नेतो, असं म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. ती अठरा वर्षांची असताना पहिला दगड घरी घेऊन आली होती, तेव्हापासून त्यांनी तिची चेष्टाच केली होती. आज ते रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होते, ही आमची, दगडं मोजते.

दोघं चालतच घरी आले. पाच वाजत होते, ऊन तिरपं झालं होतं. बाबा रोज तीन ते पाच आपल्या कामाच्या खोलीत स्टुलावर बसून रंधा मारत, आज त्यात खाडा झाला होता, आणि निदान एक फळी तरी उरकू म्हणून त्यांनी हसत हसत दार उघडलं.

ते उंबऱ्यातच थांबले.

स्टूल जागेवर होतं. त्याच्या बैठकीच्या बरोबर मधे एक भोक होतं. मनगटाएवढं, गोल, कडा इतकी स्वच्छ की पॉलिशपेपर मारल्यासारखी. खाली वाकून पाहिलं तर स्टुलाखालच्या फरशीलाही तसंच भोक होतं, त्याच्या बरोबर खाली. भोवती भुसा नव्हता, चुरा नव्हता. फरशीवर फक्त पाण्याचा एक ओला गोल होता, अजून न वाळलेला. वर छपराला काहीही झालं नव्हतं.

बाबांनी स्टूल उचलून बाजूला ठेवलं. त्याच्या भोकातून एकदा आरपार बघितलं.

"सुनावणीने वाचवलं म्हणायचं," ते म्हणाले. मग फरशीतल्या भोकाकडे बोट दाखवलं. "आपल्यात तू होतीस. उभी राहिलीस, बोललीस. तिकडे असं कोणी असेल का गं? वर माणसं राहतात म्हणून सांगणारं?"

ती फरशीवर पालथी झाली आणि भोकाला कान लावला. काही ऐकू आलं नाही. कोमट वास येत होता, तोच. भीती होतीच, पण तिच्याखाली ते दुसरंही होतं, मंगळवारपासूनचं, जीव नाचवणारं. तिने पिशवीतून तीस मीटरचा पोलादी टेप काढला.

"नको," बाबा म्हणाले.

फक्त किती खोल आहे ते बघते, असं सांगून तिने टेप सोडायला सुरुवात केली. टेप कडेला घासत सरसर खाली गेला. दोन मीटर, पाच, आठ. नऊच्या पुढे थोडा गेला आणि थांबला. तळ लागला असं तिला वाटलं, तोच टेप तिच्या बोटांत हलकेच ताठ झाला.

हिसका नव्हता. ओढणंही नव्हतं. मोजणीच्या कामाला दोन माणसं लागतात. एक जण पलीकडचं टोक धरतो, टेपचा झोळ जाईल इतपतच ताण देतो आणि थांबतो. त्याचा अर्थ सगळीकडे एकच असतो: धरलंय, वाच. मग अलीकडच्याने आकडा मोठ्याने वाचायचा. तो ताण हाताला लागला आणि तिने वाचलं नाही, असं बारा वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

"नऊ मीटर चाळीस," ती म्हणाली.

टेप तसाच ताठ राहिला, आकडा लिहून घ्यायला लागतो तेवढा वेळ. मग तो सैल पडला.